चारुलतेची पाटी

जळगाव जामोदच्या वर, जिथं काळी माती संपते आणि सातपुडा पाय पसरून बसतो, तिथं एके काळी झाडांची शाळा होती. झाडं तिथं बाराखडी गिरवत नव्हती, शिकायला पोरं यायची. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात कुण्या भल्या माणसाच्या मनात आलं, की झाडं-पाखरं पोरांना पुस्तकातून दाखवण्यापेक्षा पोरांनाच उचलून झाडाखाली न्यावं. मग डोंगराच्या कुशीत एक नाल्याकाठची जागा धरली, चार खोल्या बांधल्या, कौलं घातली आणि कागदावर नाव दिलं 'निसर्ग-पाठशाळा'. जिल्ह्यातल्या शाळांची पोरं छकड्यात भरून यायची, चार दिवस राहायची आणि अंगभर ओरखडे घेऊन घरी जायची. उन्हाळ्यात मात्र कोणी येत नसे. तिथला उन्हाळा असा, की भर दुपारी सावलीसुद्धा झाडाखाली येऊन बसते.

या शाळेचे मुख्य होते शेषराव मास्तर. त्यांच्या मिशा इतक्या दाट, की एका साली त्यात मुनियेनं घरटं केलं होतं आणि पिलं उडून जाईपर्यंत मास्तरांनी वरणाला तोंड लावलं नव्हतं. हे ते स्वतः सांगत. ज्यानं शंका घेतली त्याला मिशीतून एक काडी काढून दाखवत. आता काडी निघाल्यावर माणूस काय बोलणार?

त्यांच्या हाताखाली चिंतामण होता. चिंतामण मॅट्रिक झालेला, मेहकरकडचा, आईबाप लहानपणीच गेलेले, काकांच्या ओसरीवर एका खाटेचा धनी. तो इथं उमेदवार म्हणून लागला होता. उमेदवार म्हणजे ज्याला काम पुरं, पगार नाही. दोन वेळची भाकर आणि उमेद, एवढ्यावर त्यानं राबायचं. त्यातली भाकर सरकारची आणि उमेद ज्याची त्यानं घरून आणायची. काम पाहून पुढेमागे सरकार मदतनीसाची जागा मंजूर करणार, असं सगळे म्हणत. कोण सगळे, ते कोणाला माहीत नव्हतं.

स्वयंपाकाला गोजरबाई होती. चिंतामणानं सुरुवातीला स्वतःच्या हातानं भात शिजवून पाहिला, पण चार-सहा दिवसांत भातानंच हात जोडले. तेव्हापासून तो गोजरबाईच्या ज्वारीच्या भाकरीवर आला आणि अंगानं जरा भरला.

त्याचा दिवस झाडूनं सुरू व्हायचा आणि झाडूनंच संपायचा. नाल्यापासून खोल्यांपर्यंत वाळूची एक पायवाट होती. संध्याकाळी ती झाडून गुळगुळीत करायची. सकाळी पोरांना तिच्या दोन्ही बाजूंना उकिडवं बसवायचं आणि रात्री तिच्यावरून कोण चालून गेलं ते वाचायला लावायचं. हे सायाळ. हे रानमांजर. ही घोरपड, शेपूट ओढत गेलेली बघा. पोरं पैजा लावत, भांडत, एकमेकांच्या अंगावर वाळू टाकत. त्या वाळूत अख्ख्या सातपुड्याचे पाय उमटायचे. चिंतामण रोज पाहायचा. एक पाऊल तेवढं कधी उमटत नव्हतं.

ते पाऊल बुलढाण्यात होतं.

गेल्या वैशाखात त्याचं लग्न झालं होतं. मुलगी रमाकांतरावांची, जे बुलढाण्याच्या शाळाखात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांना बायको नव्हती, ती मुलगी लहान असतानाच गेली होती. घरात मुलगी आणि ते. मुलीचं नाव रुख्मिणी, हाकेचं नाव रुख्मी. लग्नात रीतीप्रमाणं ताटात तांदूळ पसरले आणि भटजी म्हणाले, "हं, जावईबापू, अंगठीनं लिहा नवं नाव." चिंतामणानं आदल्या रात्रभर डोळ्याला डोळा न लावता ठरवलेलं नाव तांदळात लिहिलं, चारुलता. 'ल' जरा वाकडा आला. सासऱ्यांनी चष्मा पुढं ओढून वाचलं.

"लांब आहे," ते म्हणाले. "हाक मारून होईपर्यंत भाजी करपेल."

मांडव हसला. मग पाठवणीची वेळ आली आणि रमाकांतरावांनी जावयाला बाजूला घेतलं.

"नाव तुम्ही दिलंत, चांगलं आहे. पण त्या नावानं हाक मारायला घर लागतं. काकांच्या ओसरीवर मी मुलगी पाठवणार नाही. आधी घर करा, मग न्या."

त्यात खोटं काय होतं? चिंतामण मान खाली घालून एकटाच परतला आणि पुढच्याच पंधरवड्यात झाडांच्या शाळेत उमेदवार लागला. कारण शाळेच्या मागं, नाल्याच्या वळणावर, दोन खोल्यांचं एक कौलारू घर बांधून तयार होतं. मदतनीसासाठी बांधलेलं. मदतनीस नव्हता म्हणून रिकामं. चिंतामण ते रोज झाडायचा. त्या घराच्या अंगणात सडा पडत होता, चुलीपाशी पोतेरं फिरत होतं, देवळीत दिवा लावायला जागा पुसून ठेवलेली होती. राहायला फक्त पाली होत्या.

"काऊन बे," शेषराव मास्तर एकदा म्हणाले, "त्या पालींयनं तुले गडी ठेवला का काय?"

"घर वापरात राहिलेलं बरं, मास्तर."

"हाव, वापरात. वापरून तर कोणीच नाही राह्यलं, तूच एकटा झाडू वापरून राह्यला."

दिवाळीला तो बुलढाण्याला जाऊन आला. पठारावरची थंडी, सासऱ्यांचं टापटीप घर, पाटाभोवती रांगोळी. तो जेवत होता आणि ती वाढत होती, एवढीच भेट. घरात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस 'रुख्मे पाणी आण', 'रुख्मे लोणचं वाढ' करत होतं आणि ती त्या हाकांना ओ देत होती. रमाकांतराव हात धुवायला परसात गेले तेवढ्यात ती दाराआड थांबली.

"तुम्ही दिलेलं ते दुसरं नाव," ती हळूच म्हणाली, "ते कोरं करकरीत पडलंय. कोणी वापरतच नाही. ठेवल्या ठेवल्या गंजेल."

चिंतामणाला त्याच्या आईनं लहानपणी सांगितलं होतं, बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं तसं नवऱ्यानंही बायकोचं घ्यायचं नसतं, नाव घेतल्यागणिक ज्याचं घेतलं त्याच्या आयुष्याचा एकेक दिवस गळतो. तो मॅट्रिक पास होता, असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण दिवस दुसऱ्याचा गळणार होता ना. परत आल्यावर त्यानं नाल्याकाठी एकटं उभं राहून प्रयत्न करून पाहिला. 'चा' पर्यंत आला. मग मागं कोणी तरी खाकरलं. वळून पाहिलं तर वानर.

म्हणजे झालं काय, की या जगात त्या नावानं तिला हाक मारणारं कोणीच नव्हतं. माहेरी ती रुख्मी होती, सासर तिला नव्हतं, आणि ज्यानं नाव दिलं त्याच्या तोंडातून ते निघत नव्हतं.

त्याआधीच त्या रिकाम्या घराच्या कोपऱ्यावर एक वेल उगवली होती. कोणी लावली नाही, कुठून तरी पाखराच्या पोटातून बी पडलं असेल. पावसाळ्यात ती खांबाशी आली, आश्विनात पन्हाळीपर्यंत गेली आणि दिवाळीनंतर तिला बारीक पांढरी फुलं आली. वास फक्त संध्याकाळी. शेषराव मास्तरांनी पान चुरगळून हुंगलं, पुस्तक उघडलं, पुस्तक मिटलं. गोजरबाईनं पाला खुडून भाजी करायची तयारी दाखवली, ती मोठ्या मुश्किलीनं थांबवली. बकरीनं खाल्ला, तिला काही झालं नाही, तिनंही काही सांगितलं नाही.

"राहू दे बिननावाची," मास्तर म्हणाले. "एका वर्षी बिननावाचा एक अजगर आपल्या गाडरस्त्यावर आडवा निजला होता. इतका निजला, की लोकलबोर्डानं त्याच्यावरून सडक केली. अजून दिवाळीच्या थंडीत सडक कूस बदलते. त्याले कुठं नाव दिलं कोणी?"

पण शाळेचा नियम होता, की प्रत्येक झाडावर पाटी हवी. पाट्या करण्याचं काम चिंतामणाचं. रॉकेलचा डबा कापायचा, पत्रा ठोकून सपाट करायचा, पांढरा रंग द्यायचा, वाळला की काळ्या रंगानं नाव. त्याचं अक्षर सुरेख. साग, सालई, धावडा, अंजन, बेहडा, सगळी झाडं आपापली नावं गळ्यात अडकवून उभी होती. त्या दिवशी एक पत्रा उरला होता. कुंचल्यात रंग होता. आणि वेलीला नाव नव्हतं.

हातानं लिहायला आईचं सांगणं कुठं आडवं येतं? तांदळातही हातानंच लिहिलं होतं. त्यानं लिहिलं, चारुलता. या वेळी 'ल' सरळ आला.

मग जे व्हायला नको ते रोज व्हायला लागलं. पोरांची रांग झाडांवरून फिरत यायची. बाकीच्या झाडांपाशी चिंतामण स्वतः नाव सांगायचा, साल दाखवायचा, पान हातात द्यायचा. शेवटी रिकाम्या घरापाशी येऊन थांबायचा आणि नुसती काठी पाटीला लावायचा.

"सर, हे कोन्ती वेल व्हय?"

"वाचा."

"चा-रु-ल-ता!"

"ऐकू आलं नाही."

"चाऽरुऽलऽताऽऽ!"

सातपुड्याच्या त्या भिंतीवर आवाज आपटून परत यायचा. डोंगर एकदा म्हणायचा, नाला एकदा म्हणायचा. कधी शेगावकडची पोरं यायची, कधी संग्रामपूरची, कधी मलकापूरची, आणि सगळ्या तालुक्यांच्या गळ्यातून ते नाव निघायचं. चिंतामण डोळे मिटून उभा. गंज काय चढतो त्याच्यावर! हाक तर जात होती. ओ तेवढी येत नव्हती.

शेषराव मास्तर मिशीला पीळ देत दुरून पाहायचे. एके दिवशी पोरं गेल्यावर जवळ आले.

"बाकीच्या झाडाले एक डाव अन् या वेलीले तीन डाव? काऊन बे?"

"पोरांना पाठ होत नाही."

"पाठ? आज सकाळी नाल्यावर म्हशी धुनारा गुराखी त्याच नावाचं गानं गाऊन राह्यला होता. म्हशीलेबी पाठ झालं असंन."

चिंतामणाचे कान तांबडे झाले. भाकरी थापता थापता गोजरबाईनं मान वर केली, कान पाहिले आणि सगळं ओळखलं.

"आता गं बाई! बायकोचं नाव व्हय हे?"

गोजरबाईनं कपाळावर पिठाचा हात मारला.

"अन् मी तिची भाजी करून राह्यली होती!"

त्या दोघांनी ते पोटात ठेवलं. मास्तरांनी तर पोरांना सांगायला सुरुवात केली, की ही वेल इतकी लाजाळू आहे की तिच्या मालकानं नाव घेतलं तर ती एका दिवसात वाळते, म्हणून तुम्ही घ्या. पोरं खदखदा हसत आणि आणखी जोरानं ओरडत.

माघ संपत आला, पळस पेटला आणि अमरावतीहून निरोप आला, की शाळाखात्याचे मोठे साहेब तपासणीला येत आहेत. मदतनीसाची जागा मंजूर करायची का नाही, ते पाहून ठरवणार. सोबत कागदपत्रं घेऊन बुलढाण्याचे हेडक्लार्क येतील.

"म्हनजे तुहा सासरा," शेषराव म्हणाले.

चिंतामण मटकन वाळूवर बसला. ताजी झाडलेली वाट होती. त्याचा बसल्याचा ठसा तिथं संध्याकाळपर्यंत राहिला.

"ते पाटी काढून टाकू काय?" मास्तरांनी विचारलं.

तो वेलीपाशी गेला. खिळ्याला हात लावला. परत आला. "राहू द्या," म्हणाला. "काढली तर... मला काढता येत नाही, मास्तर."

साहेब आले ते मोटारीतून, धुळीचा डोंगर मागं घेऊन. साहेब पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे. त्यांच्या मागून कागदांचं गाठोडं छातीशी धरून रमाकांतराव उतरले आणि एक शिपाई. चिंतामणानं वाकून नमस्कार केला. सासऱ्यांनी नुसती मान हलवली. साहेबांसमोर नातं काढणारा माणूस नव्हता तो.

साहेबांनी वाळूची वाट पाहिली, मास्तरांची एक गोष्ट अर्धी ऐकली आणि हात वर करून थांबवली. मग म्हणाले, "पाट्या लावून कोणीही झाडं ओळखेल. सगळ्या पाट्या उतरवा. मी झाड दाखवीन, उमेदवारानं नाव सांगायचं. रमाकांतराव, पाट्या ओळीनं तुमच्याकडे धरा आणि पडताळा."

पाट्या उतरल्या. ज्या क्रमानं झाडं, त्या क्रमानं त्यांची चळत रमाकांतरावांच्या हातात आली. वरची पहिली दिसत होती, खालच्या झाकलेल्या. सगळ्यांत खाली, पालथी, एक पाटी होती. चिंतामणाला तीच दिसत होती.

"हे?"

"साग, साहेब."

रमाकांतरावांनी पाटी पाहिली. "बरोबर." आणि ती बाजूला शिपायाच्या हातात दिली.

"हे?"

"धावडा."

"बरोबर."

अंजन बरोबर, सालई बरोबर, बेहडा बरोबर. चिंतामण झाडाकडं पाहतच नव्हता, चळत किती पातळ झाली ते पाहत होता. एका झाडापाशी मात्र सासरे अडखळले.

"उमेदवार म्हणतात मोह. पाटीवर 'मव्हा' आहे, साहेब."

"हे कोणतं मराठी?" साहेबांनी भुवया चढवल्या.

"ते पाटी मीच रंगवली, साहेब," शेषराव पुढं आले. "त्याचं असं हाय, झाड इथलं. जन्मभर त्यानं मव्हाच आयकलं. मोह म्हटलं तर ते वळूनबी नाही पाहत."

साहेबांना हसू आलं असावं, पण इस्त्री मोडेल म्हणून त्यांनी ते आवरलं. "पुढं चला."

पुढं म्हणजे नाल्याचं वळण. वळणावर रिकामं घर. दारात सडा टाकलेला, उंबऱ्यावर रांगोळीच्या दोन रेघा, चिंतामणानंच काढलेल्या म्हणून वाकड्या. कोपऱ्याच्या खांबावर वेल. रमाकांतरावांच्या हातात आता एकच पाटी होती. ती अजून पालथी होती.

"हे घर कोणाचं?" रमाकांतरावांनी विचारलं.

"मदतनीसाचं," शेषराव म्हणाले. "रिकामं हाय."

"मग सडा कोण टाकतं?"

मास्तरांनी चिंतामणाकडं नुसती हनुवटी केली. रमाकांतराव उंबऱ्याशी गेले, आत डोकावले. चुलीपाशी पोतेरं फिरलेलं. देवळी पुसलेली. ते बराच वेळ डोकावत राहिले.

"ही?" साहेबांची काठी वेलीला लागली.

चिंतामण त्या पालथ्या पाटीकडं पाहत होता.

"ही वेल कोणती?"

"सांग बे!" मागून मास्तर कुजबुजले. कुजबूज नाल्यापार गेली.

"येत नाही का?"

"येतं, साहेब."

"मग?"

"घेता येत नाही."

"घेता?" साहेब म्हणाले. "झाडाचं नाव सांगायचं असतं. घ्यायचं कशाला?"

गोजरबाईनं पदर तोंडाशी नेला. चिंतामणानं खरंच प्रयत्न केला, ते सगळ्यांना दिसलं. घर समोर होतं, जागा साहेबांच्या जिभेवर होती, चार अक्षरं होती. ओठ 'चा' ला उघडले आणि तसेच राहिले.

साहेबांनी मान हलवली. "रमाकांतराव, वाचा पाटी."

रमाकांतरावांनी पाटी सुलट केली. चष्मा पुढं ओढला. तांदळाच्या ताटापाशी ओढला होता, तसाच.

रमाकांतरावांनी एकदा पाटी पाहिली, एकदा जावयाकडं पाहिलं, एकदा त्या झाडलेल्या अंगणाकडं. लग्न झाल्यापासून त्यांनी मुलीला या नावानं एकदाही हाक मारली नव्हती, एवढं चिंतामणाला माहीत होतं. पाटीवरून ते भडकतील, असंच त्याला वाटलं.

"चारुलता," रमाकांतराव म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, "चारुलता, साहेब."

"संस्कृत दिसतंय. पुस्तकात नाही हे."

"नाही, साहेब. ही आमच्याकडची. बुलढाण्याची."

"तुमच्याकडे यालाच चारुलता म्हणतात?"

"नाही. तिकडं दुसरं नाव आहे." रमाकांतरावांनी पाटीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. तिच्यावर धूळ नव्हती. "लहानपणापासूनचं."

"मग खरं नाव कोणतं?"

"जिथं राहील तिथलं, साहेब."

"तुम्हालाही मास्तरांची हवा लागली म्हणायची," साहेब म्हणाले. "बुलढाण्याच्या थंडाव्यातली वेल या भट्टीत टिकेल?"

रमाकांतरावांनी पाटी काखेत धरली.

"मी गेलं वर्षभर हाच विचार करतोय, साहेब," ते म्हणाले. "आमच्या अंगणात ती चांगली आहे. ती गेली की अंगण... असो. पण तिथं ती मी घातलेल्या मांडवावर आहे. तिचा कल इकडं असेल तर मांडव धरून मी किती दिवस उभा राहू?"

साहेबांना वेलींचं एवढं कौतुक नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बरं. उमेदवाराला बाकी सगळं येतं. जागेचं पुढच्या सालच्या अंदाजपत्रकात बघू. तोवर उमेदवारी चालू राहू द्या." आणि ते गोजरबाईच्या पिठल्याचा वास जिकडून येत होता तिकडं निघाले.

जागा गेली. पुढचं साल म्हणजे काय, ते सरकारी माणसाला विचारावं. ते क्षितिजासारखं असतं, चालावं तेवढं मागं सरतं. चिंतामण खांबाला टेकून उभा राहिला. रमाकांतराव मात्र जागचे हलले नाहीत.

"किल्ली कोणाकडं असते या घराची?"

"माह्याजवळ," शेषराव म्हणाले. त्यांनी कमरेची किल्ली काढून चिंतामणाच्या हातावर ठेवली. "आता याच्याजवळ. सरकारानं इचारलं तर सांगीन, पालींयनं नेली."

"पण नेमणूक नाही झाली," चिंतामण कसाबसा म्हणाला.

"मी नेमणूक कधी म्हटलं?" रमाकांतराव म्हणाले. "मी घर म्हटलं होतं. मला वाटलं होतं, कौलं आणि भिंती म्हणजे घर, ते सरकार देईल तेव्हा देईल. तुम्ही आधी झाडून ठेवलंत."

ते पिठलं-भाकरीकडं वळले आणि पुन्हा थांबले.

"आखाजीचा सण एवढा माझ्याकडं करू द्या तिला. झोका बांधतो दर साली. मग या आणि न्या."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाखातली. फाल्गुन अजून लागायचा होता. चिंतामणानं मान हलवली आणि किल्ली मुठीत धरली.

जेवणं झाली, मोटार घुरघुरली. बाकीच्या पाट्या शिपायानं परत केल्या. शेवटची पाटी रमाकांतरावांच्या काखेतच होती. कागदांचं गाठोडं शिपायाच्या हातात दिलं होतं, पाटी नाही.

"ही मी नेतो," ते खिडकीतून म्हणाले. "घरी या नावानं हाक मारायची सवय करायला हवी. एकदम तुमच्याकडं येऊन हाक मारली तर माझ्या तोंडून भलतंच निघायचं." मोटार सुटली. धुळीतून 'चारुलता' असा त्यांचा आवाज पुन्हा आला, पण ते साहेबांशी बोलत होते का आणखी कोणाशी, ते कळलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात खामगावकडच्या पोरांचं छकडं आलं. चिंतामणानं झाडं दाखवली, पाट्या वाचल्या, वाळूवर सायाळीची पावलं दाखवली. रांग रिकाम्या घरापाशी आली. घराची किल्ली आता त्याच्या कमरेला होती, आत एक नवी घागर होती, दोऱ्यावर त्याचं एकट्याचं धोतर वाळत होतं. वेलीची फुलं गळून गेली होती. खांबावर नुसता खिळा.

"सर, हे कोन्ती वेल व्हय? हिले पाटीच नाही."

चिंतामणानं सवयीनं काठी उचलली, खिळ्याला लावली आणि खाली घेतली. स्वयंपाकघराच्या दारातून गोजरबाई पाहत होती. शेषराव मास्तर एका अस्वलाची गोष्ट मध्येच सोडून पाहत होते.

"आखाजीनंतर या," चिंतामण म्हणाला. "तेव्हा सांगतो."

"आत्ताच सांगा नं, सर."

"आत्ता ती बुलढाण्याला आहे."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, वेलीकडं पाहिलं, वेल तर समोर होती. एकानं हळूच दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, की सर उन्हानं कामातून गेले. चिंतामणानं रांग पुढं हाकली, आणि पोरं वळणापलीकडं गेल्यावर मागं राहून अंगणातला पालापाचोळा गोळा करू लागला.